सोलो, पूल आणि आमची बंद मिल

गरम गल्लीत मला आधी योगेशचे पाय दिसले. एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती. मी हाक मारली, पण मशिनींच्या आवाजात माझीच हाक मला ऐकू आली नाही. प्लायवूडचं दार पूर्ण उघडलं तशी बॉयलरच्या भट्टीसारखी हवा अंगावर आली. गल्लीच्या टोकाला भिंतीत बसवलेला मोठा पंखा थांबलेला होता. योगेशच्या हातात पाना होता. तो हलत नव्हता.

मे महिन्यातली दुपार होती, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू होता. तुमसरकडचा उन्हाळा ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको.

मेन स्विच पुढच्या दाराजवळ होता. विचारल्याशिवाय मेनला हात लावायचा नाही, ही योगेशची ताकीद. भिंतीवर लाल मार्करने तसं लिहूनही ठेवलं होतं. मी धावत गेले असं लिहिलं तर खोटं होईल, माझे गुडघे आता धावायचे राहिले नाहीत. चालत गेले आणि मेन पाडला.

योगेश तिथे कसा गेला हे सांगायला मागे जावं लागेल. तोवर वाचणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की तो गल्लीत पडला आहे आणि मशिनी बंद झाल्या आहेत.

माझं नाव अनसूया. शिक्षण चौथी. या मिलमध्ये मी लग्न होऊन आल्यावर लागले. तेव्हा ती धानाची मिल होती. आधी तांदूळ वेचायला बसत होते, मग उकडलेला धान वाळवायला, मग बॉयलरवर. मालक नानाजी वारले आणि मिल बंद पडली. त्यांचा मुलगा योगेश नागपूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. तो परत आला. मला वाटलं मिल विकायला आला असेल. त्याने छतावर सोलरच्या पाट्या बसवल्या, गोदामात लोखंडी रॅक उभे केले आणि त्यावर पावाच्या लादीएवढ्या मशिनी ओळीने मांडल्या. मग मला आणि पुष्पाला बोलावून म्हणाला, "मावशी, तुमी दोघी राहा. तुमाले आवाजाची सवय हाय."

पुष्पा माझ्याबरोबरच वेचणीला बसायची. आम्हा दोघींचं वय असं होतं, की रोजगार हमीवरही लोक आम्हाला सावलीत पाणी पाजायला बसवत. त्या वयात कोणी हाक मारून काम दिलं, ते मी विसरलेले नाही. शेड झाडायची, जाळ्या धुवायच्या, कुलरच्या गवताच्या ताट्या ओल्या ठेवायच्या, हिरवा दिवा लाल झाला की योगेशला सांगायचं, एवढं आमचं काम. मशिनी पुढून गार हवा ओढतात आणि मागून गरम फेकतात. मागे भिंतीपर्यंत जी अरुंद जागा होती ती गरम गल्ली. तिथली हवा मोठा पंखा बाहेर काढायचा. मशिनी चालू असताना गल्लीत कोणी जायचं नाही, हाही योगेशचाच नियम.

आमच्या भागात खाण म्हटली की मँगनीजची. बिटकॉइन नावाच्या कॉम्प्युटरवरच्या पैशाची खाण मिलमध्ये निघाली म्हटल्यावर लोक पाहायला येणारच. लाखांदूरकडचा एक म्हातारा एस.टी.ने आला होता, त्याचं बोलणं मला अजून आठवतं.

"माती कुठी टाकता?"

"माती निघत नाही, बुवा," योगेश म्हणाला.

"मंग नाणं दाखवा एखादं."

"नाणं डोळ्याले दिसत नाही."

"माती निघत नाही, नाणं दिसत नाही. लाईटचं बिल येते का?"

"येते ना. रातच्या लाईटचं येते."

"मंग तेवढंच खरं हाय," म्हणाला, पाणी प्यायला आणि परतीच्या गाडीने गेला.

पहिल्या दसऱ्याला पुष्पाने मशिनींची पूजा केली. धान भरडणाऱ्या हलरची आम्ही दरवर्षी करत होतो, म्हणून हिनेही तशीच केली. थाळी घेऊन थंड बाजूला उभी राहिली आणि मूठभर कुंकू नि अक्षता मशिनीवर टाकल्या. मशीन तर पुढूनच ओढते. कुंकू सगळं आत गेलं आणि मागून भिंतीवर निघालं. अक्षता पंख्याच्या पात्यांत अडकल्या आणि मशीन खडखड करायला लागली. योगेश धावत आला. लाल झालेली भिंत पाहून त्याला रागवावं की हसावं कळेना.

"पुष्पामावशी, देवाले भेव लागलं असन ना वो!"

"राईस मिलची मशीन अन् तांदूळ सोसत नाही? कायची मशीन घेतली गा बाबू?"

तेव्हापासून पूजा दाराशी.

ही मशीन करते काय, हे योगेशने मला तांदळाच्या भाषेत सांगितलं होतं, तसंच सांगते. समजा जगात एक मोठा ढीग आहे आणि त्यात खूण केलेला एकच दाणा आहे. जगभरातल्या मशिनी तो शोधतात. ज्याला सापडला त्याला मोठं बक्षीस. साधारण दहा मिनिटांत कोणाला तरी सापडतोच. सापडला की तो ढीग संपला, लगेच नवा ढीग. तुमची मशीन रात्रंदिवस दाणे उलथते, पण जगात तशा मशिनी इतक्या आहेत, की तो दाणा तुमच्याच हाताला लागेल याचा नेम नाही. उद्या लागेल किंवा तुमच्या नातवाच्या हयातीतही लागणार नाही.

एकट्याने शोधणं म्हणजे सोलो. सापडला तर बक्षीस सगळं तुमचं. नाही सापडला तर वीज गेली, मशीन झिजली, हाती काही नाही. दुसरी रीत पूल. हा इंग्रजीतला पूल, नदीवरचा नाही. त्यात पुष्कळ लोक आपापल्या मशिनी एकत्र लावतात. कोणालाही सापडला की ज्याने जेवढं उलथलं तेवढा त्याचा वाटा. पूल चालवणारा आपली टक्केवारी कापून घेतो. धान रोवण्याच्या वेळी आमची मुकादमीण बायांचा गट घेऊन हुंड्याने, म्हणजे ठरलेल्या एकरकमी पैशाला, शेताच्या बांध्या रोवायला घ्यायची आणि आपलं कापून बाकीचं वाटायची, तसंच हे. काही पूल दाणा सापडो न सापडो, तुमच्या कामाचे पैसे देतात. तो धोका त्यांनी घेतलेला असतो म्हणून ते जास्त कापतात. काही सापडल्यावरच देतात.

मी विचारलं, "पण बाबू, कोणी किती उलथलं हे त्याले कसं समजते? एखादा नुसता बसून राहिला त?"

तो म्हणाला, "तुमी वेचणीले बसत होत्या तेव्हा बाबा तुमचं काम कशावरून मोजत होते?"

खड्यांवरून. दिवसभरात ज्या बाईच्या वाटीत जेवढे खडे, तेवढं तिने काम केलं असं धरायचे. पुलातही तसंच आहे म्हणे. खरा दाणा दुर्मिळ, पण जवळपास तशी खूण असलेले दाणे अधूनमधून सापडतात. ते त्यांच्याकडे पाठवायचे. त्यावरून काम मोजतात.

ऐकून पुष्पा खाली पाहून हसायला लागली. कारण ही बाई घरूनच पदराला खडे बांधून आणायची. नानाजींना मरेपर्यंत कळलं नाही.

"यात बाहेरचे खडे चालत नाही, पुष्पामावशी," योगेश म्हणाला. "कोन्या ढिगातला हाय हे त्याच्यावर लिहूनच येते."

"अनसू, तूनं सांगतलं वं याले?"

"सारी मिल जानत होती," मी म्हणाले.

आणखी एक गोष्ट त्याने तेव्हा सांगितली होती. मागे किती दाणे पाहिले त्याचा पुढच्याशी काही संबंध नाही. वर्षभर शोधलं म्हणून आता जवळ आलो, असं नसतं. दर ढीग नवा, दर दाणा नवा. हे त्याने मला सांगितलं, मी त्याला नाही. पुढे जे झालं ते न कळल्यामुळे झालं असं कोणी समजू नये.

आम्ही बरेच दिवस पुलात होतो. रोज थोडंथोडं यायचं. पावसाळ्यात ऊन नसलं की कमी, हिवाळ्यात जास्त. आमचे पगार वेळेवर होत होते. मशीन बिघडली, जाळी धुवायची आहे, वीज गेली, तर बंद. तेवढ्या वेळाचं मिळायचं नाही, पण आधीचं कुठे जायचं नाही. बंद केल्याचं कोणाला वाईट वाटत नव्हतं.

मग मशिनी जुन्या झाल्या. जगात नव्या आल्या आणि आमचा वाटा बारीक होत गेला. योगेश चिडचिड करू लागला. कुठल्या तरी देशात एका माणसाला लहानशा मशिनीवर एकट्याला सगळं बक्षीस लागलं, असं त्याने मोबाईलवर वाचलं. तसं कधीमधी होतंही. तो म्हणाला, "थेंबथेंब घेऊन काय करू? एकदाच लागलं त मिल नव्यानं उभी करतो." आणि सगळ्या मशिनी सोलोला लावल्या.

सोलो वाईट असं मी म्हणत नाही. एखादी लहान मशीन लावून द्यावी आणि विसरून जावं, लागलं तर लागलं. ज्याला विसरता येतं त्याने जरूर करावं. योगेशला विसरता येईना. सकाळी उठला की कॉम्प्युटरचा पडदा पाहायचा, जेवताना पाहायचा. ज्या क्षणी आपण बंद करू त्याच क्षणी आपल्या नशिबाचा दाणा निघून जाईल, असं त्याच्या मनाने घेतलं.

"बाबू, घडीभर बंद कर. जाळ्या धुळीनं भरल्या."

"अन् त्याच घडीत लागनार असन त?"

"तूच सांगतलं होतं ना, दर ढीग नवा म्हणून?"

"सांगतलं होतं."

"मंग?"

"मंग काय? तुमी चालू मशिनीवरच फडका मारा, मावशी."

मेनजवळचा लाल मार्कर तेव्हाचा. गड्याचं वजन उतरलं. दाढी वाढली. बायको वैशाली कधी तोंड उघडून भांडणारी नव्हती. पण मे महिन्यात तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न आलं आणि हा म्हणाला मी येत नाही, तेव्हा तिने आमच्यासमोरच विचारलं.

"जावई कुठी हाय म्हणून लोक विचारतीन. काय सांगू? नशीब येनार हाय, दारात बसला हाय म्हणून सांगू?"

"तब्येत बरी नाही सांग."

"ते त खरंच हाय," ती म्हणाली आणि पोरींना घेऊन लाखांदूरला गेली.

लग्नाच्या दिवशीच दुपारी मोठ्या पंख्याचा पट्टा निसटला. सोलरमुळे जितकं ऊन कडक तितक्या मशिनी जोरात, आणि तितकीच गल्ली गरम. एकेक दिवा लाल व्हायला लागला. मी म्हणाले, बंद कर. पुष्पा म्हणाली, बंद कर. तो म्हणाला, "पट्टा चढवतो, होते आत्ताच," आणि चालू मशिनींच्या मागून गल्लीत शिरला. मी पुढे पाइपाने ताट्यांवर पाणी मारत होते. पुष्पा माठाजवळ होती. पंखा काही फिरेना आणि योगेश काही बाहेर येईना, म्हणून मी पाइप टाकला आणि दार उघडलं.

मेन पाडून परत आले तोवर पुष्पा गल्लीच्या दाराशी पोचली होती. वजन उतरलं तरी योगेश मूळचा अंगाने भरलेला. आम्ही दोघी म्हाताऱ्या, त्याला उचलणं शक्य नव्हतं. पण मिलमध्ये बायांनी पोती कधी उचलली नाहीत, ओढलीच. गोणपाटाचा रिकामा बारदाना ओला करायचा, पोत्याखाली सारायचा, दोघींनी दोन टोकं धरून मागे मागे चालत ओढायचं. ओला बारदाना गुळगुळीत फरशीवरून सरकतो. गोदामात जुने बारदाने अजून पडून होते. मी एक बादलीत बुचकळला. पुष्पा आधी आत शिरली, कारण ती माझ्यापेक्षा बारीक. तिने त्याला कुशीवर केलं, मी बारदाना सारला.

"धर वं अनसू!"

"धरला. ओढ!"

"सेठाचं पोरगं पोत्यापक्षा जड हाय!"

असल्या वेळीही तिला सुचतं. पण तिचा आवाज फाटलेला होता आणि तोंड लालबुंद झालं होतं, ते मी पाहिलं.

आम्ही त्याला बाहेर निंबाच्या झाडाखाली आणलं. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही. डोळे अर्धे उघडे, काहीतरी बरळत होता. आम्ही दुसरा ओला बारदाना त्याच्या अंगावर टाकला, बादल्यांवर बादल्या ओतल्या आणि पुठ्ठ्याने वारा घालत राहिलो. तोंडात पाणी घालायचं नाही, एवढं बॉयलरवरच्या कामाने शिकवलं होतं. बेशुद्ध माणसाच्या घशात पाणी अडकतं. मग मी रस्त्यावर जाऊन आडवी उभी राहिले. ताडपत्री लादलेला एक पिकअप थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "मरायचं हाय का, आजी?" मी म्हणाले, "मले नाही, पण एक मरून राहिला हाय." त्याने पुढे काही विचारलं नाही. ताडपत्री रस्त्याकडेला उतरवली आणि योगेशला मागे झोपवलं. वाटेत आम्ही ओला बारदाना त्याच्या अंगावरून काढला नाही. दवाखान्यात पोचवून तो माणूस ताडपत्री कोणी नेऊ नये म्हणून लगेच परत गेला. त्याचं नाव मला माहीत नाही. हे वाचत असेल तर त्याचे आभार.

सरकारी दवाखान्यात योगेशला बर्फ लावला, सलाईन लावलं. थोड्या वेळाने पुष्पा बाकावरून खाली घसरली. तिलाही ऊन लागलं होतं. मी सांगेपर्यंत कोणी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. म्हातारी बाई दमून आडवी झाली असेल असं वाटलं सगळ्यांना. तिला बायांच्या वॉर्डात घेतलं. योगेशच्या किडनीवर परिणाम झाला म्हणून त्याला संध्याकाळी नागपूरला हलवलं, मी त्याच्यासोबत गेले. डॉक्टर म्हणाले, रात्र गेली तर पाहू.

वैशाली लग्नाच्या शालूतच नागपूरला आली. डोक्यावर अक्षता तशाच.

"मेन तुमी पाडला, मावशी?"

"हाव."

तिने मला बाकावर बसवलं. मग म्हणाली, "तुमी सकाळपासून काही खाल्लं नसन," आणि चहा आणायला गेली. नवरा आत तसा पडलेला असताना तिने माझ्या चहाची आठवण ठेवली, म्हणून हे लिहिते.

ती रात्र गेली. मग आणखी काही गेल्या. योगेश बोलायला लागला तेव्हा त्याने पहिलं विचारलं, "मेन केव्हा पाडला?"

"तुले पाहिलं तसाच."

"तेवढ्यात लागलं असतं त?"

वैशाली दाराशी होती. तिने भांडं जोरात ठेवलं. मी म्हणाले, "लागलं असतं त तेराव्याले कामी आलं असतं."

तो हसला नाही. त्याने भिंतीकडे तोंड केलं. नंतर म्हणाला, "पुष्पामावशी कशी हाय?" तेव्हा मला वाटलं, आता याला बरं वाटेल.

घरी आल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती ही, की उरलेल्या मशिनी पुलाला लावल्या. तीन-चार तर त्या दिवशीच जळाल्या होत्या. मेनजवळचं लिहिलेलं वैशालीने चुन्याने पुसलं. आता उन्हाळ्यात दुपारी मशिनी बंद. छतावर एवढं ऊन फुकट जातं याची मला चुटपुट लागते, लपवत नाही. पण आम्ही बंद असतो तेव्हा पुलातले दुसरे कोणी शोधत असतात. तेव्हाचा आमचा वाटा त्यांना जातो; आमच्याकडे रात्री आम्ही चालू आणि ते बंद असले, की त्यांचा आम्हाला. मी त्यांना कधी पाहिलं नाही, त्यांनी मला नाही. रोवण्यात एखादीचं लेकरू रडलं तर ती शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, जाऊन बसायची आणि बाकीच्यांची ओळ पुढे जायची. तिला थोडं कमी मिळायचं, पण लेकराला दूध मिळायचं. एकटीने हुंडा घेतलेली बाई धुऱ्यावर बसत नाही. मी एका साली एकटीने हुंडा घेऊन रोवणा केला आहे, म्हणून सांगते. कोणी विचारलं की पूल बरा की सोलो, तर मी टक्केवारी सांगत नाही. मी विचारते, तुम्हाला मधेच बंद करता येईल का? ज्याला येत असेल त्याला दोन्ही बरे.

योगेशने मला लिहायला सांगितलं. म्हणाला, जसं झालं तसं लिहा, मला वाचवू नका. मी म्हणाले, एकदा वाचवलं, तेवढं पुरे.

माझा डावा कान आता कामाचा नाही. मिलने अर्धा घेतला, मशिनींनी अर्धा. तक्रार नाही. दोन्हींनी मला पोसलं, आणि म्हातारपणी कोणाच्या दारात उभं राहू दिलं नाही.

पुष्पा आठवडाभर दवाखान्यात होती. सुटल्यावर तिसऱ्या दिवशी कामावर आली. मी म्हणाले, घरी बस. ती म्हणाली, घरी सुना आहेत.

त्या दुपारी शेडमध्ये आम्ही तिघं होतो. योगेश, पुष्पा आणि मी. तिघंही जिवंत आहोत.